मंगळावर महिने नसतात

“ताई, माझे दिवस भरले नाहीत हो,” कमल ओरडत होती आणि मी तिचे दोन्ही हात उशीवर दाबून धरले होते. नर्सने सांगितलं होतं, कसके पकड़ो. मी कसून पकडलं होतं. दुपारचे तीन वाजले होते आणि खोलीत काळोख होता, कारण बाहेर आंधी उठली होती. दिल्लीची आंधी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. आधी आभाळ पिवळं होतं, मग विटकरी, मग समोरचं झाड दिसेनासं होतं. वीज गेली होती. खिडकीच्या फटीतून धूळ येत होती, कमलच्या घामावर बसत होती आणि तिच्या कपाळावर चिखल होत होता. नर्सने टॉर्च दातात धरली होती. कोपऱ्यात स्टुलावर सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या.

“दिवस भरले नाहीत म्हणे,” त्या म्हणाल्या. “मॅट्रिक झालीस म्हणून पोटातलंही कळतं का गं तुला?”

मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही. कमलने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी हसत होते.

कमल माझी धाकटी जाऊ. तेव्हा ती अठराची, मी वीसची. आषाढ नुकताच लागला होता. आमच्या गावाकडे आषाढ म्हणजे चिखल आणि ओली लाकडं. इथे आषाढात वरून माती पडते. ते दिवस आठवले की माझ्या दातांखाली अजून कचकच लागते. भातात धूळ, पाण्याच्या माठाच्या तळाशी धूळ, वाळत घातलेल्या लुगड्यात धूळ. केर काढून केरसुणी ठेवावी तोवर फरशीवर पुन्हा पाऊल उमटायचं.

हे लिहायला आज बसले त्याला कारण मंगळ. तो कुंडलीतला मंगळ नव्हे, वरचा, खरा. प्रभाने मला सांगितलं की यंदा मंगळाचं नवं वर्ष आमच्या पितृपक्षात आलं, ऐन पंचमीला. प्रभा म्हणजे कमलची मुलगी. साठी उलटली तिची. शाळेत विज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच असतो. ती मला काकू म्हणते. लहानपणी एकदा तिने आई म्हणून हाक मारली होती, तेव्हा सासूबाईंनी तिच्या तोंडावर मारलं. म्हणाल्या, “एक खाल्लीस, आता हिला खाणार?” तेव्हापासून काकू.

सोसायटीतल्या मुलांना ती गच्चीवर दुर्बीण दाखवते. दिल्लीच्या हवेत तारे दिसतात किती ते विचारू नका, पण मुलं येतात, कारण प्रभा गोष्टी सांगते आणि बिस्किटं देते. घरी आधी त्या सगळ्या गोष्टी माझ्यावर करून बघते. मी चौथी पास. मला कळलं तर पोरांना कळेल, असा तिचा हिशेब. तसं ती तोंडावर सांगते.

त्यामुळे या वयात मला मंगळाचं बरंच माहीत झालं आहे. तिथला दिवस आपल्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं आणि काही सेकंद मोठा. वर्ष आपल्या सहाशे सत्त्याऐंशी दिवसांचं. ऋतू चारच, पण सारखे नाहीत. तिथल्या वरच्या अर्ध्या भागात वसंत साडेसहा महिने चालतो आणि शरद पाच महिन्यांतच आटपतो. सूर्याभोवतीची वाट लंबगोल असल्यामुळे तसं होतं म्हणे. सूर्याच्या जवळ आला की मंगळावर धूळ उठते. कधी कधी सगळा ग्रह धुळीने झाकून जातो आणि आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. माणसांनी तिथे पाठवलेली एक गाडी अशा धुळीत अंधार झाला म्हणून बंद पडली, ती पुन्हा चालू झालीच नाही. हे ऐकून गच्चीवर एक मुलगी रडली होती. मला काही वाटलं नाही. लोखंड होतं ते.

आमच्या स्वयंपाकघरात ह्यांना नोकरी संपताना मिळालेलं लंबकाचं घड्याळ आहे. प्रभाने त्याच्या लंबकाचा गोळा खाली उतरवून ते मंगळाच्या वेळेवर लावलं. रोज चाळीसेक मिनिटं मागे पडतं. अठरा-एकोणीस दिवसांनी बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाशी एकदा जुळतं आणि पुन्हा सुटतं. मी सुरुवातीला भांडले. म्हटलं, “कुकर कोणत्या ग्रहावर लावू?” ती म्हणाली, “शिट्ट्या मोज ना काकू, शिट्टी सगळीकडे सारखीच.” आता सवय झाली आहे. एका घरात दोन वेळा चालतात. मला त्यात नवीन काही नव्हतं.

तिच्या हिशेबाने मी मंगळावर त्रेचाळीस वर्षांची आहे आणि ती तेहेतीस व्हायला आली. ती हे सगळ्यांना सांगते. खालच्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा तर दर वेळी विचारतात, “मैं कितने की हुई, प्रभाजी?” आणि आकडा ऐकून खूश होतात. मी मात्र एकदा मनात दुसराच हिशेब केला. कमल मंगळावर साडेनऊ वर्षांची होती. साडेनऊ वर्षांच्या मुलीचे हात दाबून धरायला किती जोर लागतो?

कमलचा मला राग होता. आता या वयात खोटं कशाला लिहू. ती मॅट्रिक होती, गोरी होती, इंग्रजीत सही करायची. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि ती आली त्याच वर्षी तिला दिवस गेले. एकदा वर्तमानपत्र वाचताना मी एका शब्दाला अडखळले तर ती नवऱ्याला म्हणाली, “वहिनींना जोडाक्षरं जड जातात नाही?” वाईट मनाने म्हणाली नसेल. मला तसंच लागलं.

माझ्याकडे एकच गोष्ट तिच्यापेक्षा जास्त होती, ती म्हणजे हिंदी. मी दिल्लीत तीन वर्षं काढली होती. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, शेजारच्या खन्नाबाईंशी मी बोलायची. कमलला ‘भैया, कितने का’ याच्या पुढे येत नव्हतं. घराबाहेर पडली की ती माझ्या मागून चालायची आणि मला ते आवडायचं.

सरकारी क्वार्टरांच्या मागे दोन खोल्यांचं खाजगी प्रसूतिगृह होतं. चालवणारी बाई नर्स होती, डॉक्टर नव्हे. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. कमलला तिसरा लागला तेव्हा मी तिला तिथे घेऊन गेले. थंडी होती, नर्स शेगडीवर हात शेकत बसली होती. तिने वही काढली आणि विचारलं, “आख़िरी बार कब हुआ था? महीना-तिथि बताओ.”

कमल मला म्हणाली, “आश्विन वद्य पंचमी. पण ताई, मला इंग्रजी तारीखसुद्धा पाठ आहे. ती सांगू का? तारीख मी सांगते, तेवढं येतं मला.”

मी म्हटलं, “गप्प बस. ही काय तुझी शाळा आहे?” आणि नर्सकडे वळून फर्ड्या हिंदीत सांगितलं, “आश्विन बदी पंचमी.”

वद्यला इथे बदी म्हणतात हे मला माहीत होतं. त्याचा मला अभिमान वाटला.

नर्सने वर पाहिलं. “अच्छा, श्राद्धों में?”

मला प्रश्न कळला नाही. श्राद्धांचा इथे काय संबंध, असं वाटलं. पण कळलं नाही असं कमलच्या समोर म्हणायचं कसं? त्याच आठवड्यात मी खन्नाबाईंकडून एक नवीन शब्द उचलला होता. तो मी तिथे वापरला.

“हाँ जी,” मी म्हटलं, “बिल्कुल.”

नर्सने लिहून घेतलं. कमल कौतुकाने म्हणाली, “किती छान बोलता हो ताई तुम्ही.”

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. आमचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. चंद्र वाढत असतो तेव्हा आमचा आणि त्यांचा महिना एकच. चंद्र कमी व्हायला लागला की ते पुढच्या महिन्यात जातात, आम्ही जुन्यातच राहतो. म्हणजे उजेडाच्या पंधरवड्यात आम्ही सगळे एका महिन्यात राहतो आणि अंधाराच्या पंधरवड्यात वेगवेगळ्या. आमची दिवाळीची अमावास्या आश्विनाची. त्यांची तीच दिवाळी, तीच अमावास्या, कार्तिकाची. कमलने सांगितलेली पंचमी दिवाळीच्या दहा दिवस आधीची होती. नर्सने लिहिलेली पंचमी पितृपक्षातली, त्याच्याही एक महिना आधीची. ‘दिवाळीच्या जरा आधी’ एवढं जरी मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून कमलच्या पोटातलं मूल वहीत एक महिना मोठं झालं आणि पोटात झालं नाही.

जेठात नर्स म्हणू लागली, बच्चा छोटा है. सासूबाई म्हणाल्या, आईच काटकी आहे, मूल कुठून मोठं होणार. कमल बोटं मोजायची आणि म्हणायची, “मला अजून महिना आहे.” तिचं कोण ऐकणार? वहीत लिहिलेलं होतं. आषाढ लागल्यावर नर्सने सांगितलं, “दिन ऊपर हो गए. पानी सूख जाएगा, बच्चा अंदर मर जाएगा.” सासूबाई घाबरल्या. घाबरल्या की त्या चिडायच्या. घरी आल्यावर कळा याव्यात म्हणून त्यांनी एरंडेल काढलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

कमल नको म्हणत होती. मी तिचं नाक दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसूतिगृहात नर्सने इंजेक्शनं दिली. एकाने झालं नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. दुपारी आंधी आली. बाकीचं वर लिहिलं आहे.

आंधी चारच्या सुमाराला थांबली. त्या आधी मुलगी झाली होती. मांजराच्या पिल्लाएवढी, अंगावर मऊ केस, नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली नव्हती. नर्सने मुलीवर टॉर्च धरली. नर्सला कळलं असणार. दिवस उलटून गेलेलं मूल असं दिसत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण ती काही बोलली नाही. कमलचं रक्त थांबत नव्हतं. धूळ खाली बसली, झाडं दिसू लागली, दूधवाल्याची सायकल वाजली, आणि रक्त चालूच होतं. कॉटखाली ठेवलेलं घमेलं मी दोनदा बाहेर नेऊन ओतलं. दिवेलागणीला कमल गेली. जाण्याआधी तिने मला एकच विचारलं, “ताई, किती वाजले?” खोलीत घड्याळ नव्हतं. मी म्हटलं, “झोप.”

मंगळावर संध्याकाळी सूर्याभोवतीचं आभाळ निळं होतं म्हणे, आणि दिवसा मातकट. आपल्या उलट. प्रभाने फोटो दाखवला तेव्हा मी बघितला आणि परत दिला. धुळीतून आलेला उजेड मी पाहिलेला आहे. निळा नव्हता.

मूल कापसात गुंडाळून मी घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, ते काही राहणार नाही, नाव ठेवू नका. गरम पाण्याच्या बाटल्या कडेला लावून आणि कापसाच्या बोळ्याने दूध पिळून मी ते राखलं. वर्षाच्या आत दिराचं दुसरं लग्न झालं आणि तो भोपाळला बदली घेऊन गेला. नवी बायको म्हणाली, मुलगी तिथेच राहू दे, तिला सवय आहे. मला मूल नव्हतं. माझ्या चुकीने मला एक मूल मिळालं. हे वाक्य मी कितीदा मनात लिहिलं आणि कितीदा खोडलं, याचा पत्ता नाही. आज ठेवते.

चूक मला त्याच वर्षी दिवाळीत कळली. मी ओट्याशी पणत्यांत तेल घालत होते. खन्नाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दीवाली तो कार्तिक की अमावस को ही होती है ना.” मी म्हटलं, “नाही, आश्विनाची.” त्या हसल्या. आश्विनाला त्या आसौज म्हणायच्या. “अरे, आसौज तो कब का गया. उसमें तो श्राद्ध थे.” श्राद्ध. मी तेल ओतत राहिले. पणती भरून तेल ओट्यावर आलं, ओट्यावरून पायावर. आत मूल रडत होतं. मी पाय पुसला आणि त्याला घ्यायला गेले. खन्नाबाईंना म्हटलं, “बिल्कुल.”

तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं असतं आणि मूल गेलं असतं. म्हणून बोलले नाही. पुढे सासूबाई गेल्या, हे गेले, तरी बोलले नाही. तेव्हा मूल जाईल ही भीती नव्हती. तेव्हा मला सवय झाली होती.

माझ्या जागी शिक्षा प्रभाने भोगली. तिची पत्रिका केली तेव्हा आठव्या घरात मंगळ निघाला. सासूबाईंना पाहिजे होतं ते मिळालं. आईला खाऊन आली, हे आता ग्रहानेच सांगितलं होतं. सहा वर्षांची असताना प्रभाने मला विचारलं, “काकू, मी आईला कशी खाल्ली? मला दात होते?” मी म्हटलं, “पोळी खा.”

लग्नाच्या वयाची झाली तेव्हा पुण्याचं एक कुटुंब आमच्याकडे उतरलं होतं. पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक बघायला आले होते, जाताजाता मुलगीही बघून घेतली. मुलगा चांगला होता. प्रभाशी तासभर गॅलरीत बोलत बसला. काला अंबवरून परत आल्यावर त्याच्या आईने पत्रिका मागितली. वाचली, घडी घातली, माझ्या हातात ठेवली. “मुलगी गोड आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण आज एवढी मेलेली माणसं बघून आलोय, आता घरात आणखी नको.” सगळे हसले. मुलगाही हसला. प्रभा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी तेव्हा बोलू शकत होते. या मुलीने कोणाला मारलं नाही, मी मारलं, एवढं वाक्य होतं. मी सगळ्यांना चहा दिला.

त्यानंतर तिने कोणाला घरात येऊ दिलं नाही. बी.एड. केलं आणि शाळेत मुलांना ग्रह शिकवू लागली. मंगळावर तिचा विशेष जीव. मला पहिल्यांदा वाटलं, सूड घेते आहे. नंतर वाटलं, ओळख करून घेते आहे. कोणती गोष्ट खरी ते मी विचारलं नाही.

यंदाच्या पंचमीला दुपारी ती टेबलाशी बसून संध्याकाळच्या गोष्टीची तयारी करत होती आणि मी गवार मोडत होते. ती म्हणाली, “काकू, मंगळावर महिने नसतात, हे पोरांना कसं सांगू?”

“का नसतात?”

“महिना चंद्रावरून आला ना. तिथे चंद्र दोन. एक पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, तेही दिवसातून दोनदा. दुसरा इतका सावकाश की उगवला की अडीच दिवस मावळत नाही.”

“मग संकष्टी कधी सोडायची?”

“दिवसातून दोनदा, नाही तर अडीच दिवसांनी,” ती हसली. “तुझ्या सासूबाईंची पंचाईतच.”

“आणि वद्य पक्ष कोणत्या चंद्राचा?”

“कोणाचाच नाही. लोकांनी कॅलेंडरं सुचवली आहेत, चोवीस महिन्यांची वगैरे, पण कोणाचं कोणाशी पटत नाही. शास्त्रज्ञ महिने वापरतच नाहीत.”

“मग तिथल्या बाईने दिवस कसे मोजायचे?”

“कोणत्या बाईने?”

“गरोदर.”

“अगं, तिथे बाया नाहीत. दगड आहेत.”

“असली तर?”

“तिथल्या दिवसाला सोल म्हणतात. तेच मोजायचे. एक, दोन, तीन, वर्ष संपेपर्यंत सहाशे अडुसष्ट. बाळाला,” तिने कागदावर भागाकार केला, “दोनशे बहात्तर-त्र्याहत्तर लागतील. महिने नाहीत, पक्ष नाहीत. चूक व्हायला जागाच नाही.”

मी गवारीची परडी खाली ठेवली आणि सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच सांगितलं, त्यापेक्षा कमी शब्दांत. नाक दाबल्याचं आणि हसल्याचंही सांगितलं.

प्रभा उठली. भिंतीवरचं आपलं मराठी कॅलेंडर काढलं, फ्रिजवरचं दूधवाल्याने दिलेलं हिंदी कॅलेंडर काढलं, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. शाळेतल्यासारखं बोट ठेवत गेली.

“आज त्यांचा आश्विन कृष्ण. आपला भाद्रपद वद्य. नर्सने हे धरलं.”

“हो.”

तिने आपलं पान उलटलं. “आणि आई हे सांगत होती.”

“हो.”

“एकोणतीस दिवस.” तिने बोट उचललं. “तिला तारीख पाठ होती?”

“हो.”

“आणि तू तिला गप्प बस म्हणालीस.”

“हो.”

तिने दोन्ही पंचम्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “महिन्याने जन्मली असतीस तर तो मंगळही पत्रिकेत बसला नसता. तोही मीच बसवला.” साठ वर्षं मी हे धरून होते. मला वाटत होतं, निदान हे मोठं पाप आहे, माझं एकटीचं.

प्रभाने कागद ओढला, चार आकडे मांडले. पत्रिकेवर तिचा विश्वास नाही, पण गणित तिला येतं. “महिन्याने त्याच वेळेला जन्मले असते तर पत्रिकेतलं लग्न एक रास पुढे गेलं असतं. मंगळही जवळजवळ तेवढाच पुढे. आठवा नाही तर सातवा. दोन्हीकडे मंगळीच. तेवढी मोठी नाहीस तू.” पेन्सिल ठेवली. “पत्रिकेचं सोड, काकू. आई वाचली असती. तेवढंच बोल.”

मी परडी उचलली आणि उरलेली गवार मोडायला घेतली.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. जिन्यातून मला ऐकू येत होतं. “बच्चो, आज मंगल पर नया साल है.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी विचारलं, “मैम, वहाँ बर्थडे देर से आता है?” ती म्हणाली, “बहुत देर से.” नेहमीच्या आवाजात म्हणाली. खाली आली, जेवली, भांडी घासली. गवार तिने पानात वाढून घेतली नाही.

चार दिवसांनी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करतात. कमलचं मी दर वर्षी करते. खीर, वडे, पुरण, कमलला आवडायची ती आमसुलाची चटणी, सगळं माझ्या हातचं. यंदा सकाळी उठले तर ओट्यावर सगळं झालेलं होतं. प्रभा पहाटेच उठली होती. वडे जाडजूड झाले होते, तिला नीट येत नाहीत. जेवायला मिसेस अरोरांच्या सुनेला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं.

“तू आतल्या खोलीत बस,” प्रभा मला म्हणाली. “नैवेद्याला हात लावू नकोस. यापुढे दर वर्षी मी करीन.”

मी आत जाऊन बसले. दार लोटलेलं होतं, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. गुरुजी इथलेच, कोपऱ्यावरच्या मंदिरातले. संकल्प सांगताना म्हणाले, “आश्विन मासे, कृष्ण पक्षे...”

“थांबा,” प्रभा म्हणाली. “भाद्रपदही म्हणा. दोनों महीने बोलिए. और अंग्रेज़ी तारीख़ भी बोलिए.”

“संकल्प में तारीख़ नहीं बोलते, मैडम.”

“आज बोलेंगे.”

गुरुजींनी दोन्ही महिने म्हटले आणि शेवटी इंग्रजी तारीखही म्हटली, जरा अडखळत. स्वयंपाकघरातल्या घड्याळात तेव्हा साडेचार वाजले होते आणि बाहेरच्या घड्याळात बारा.

त्या आषाढात त्या खोलीत आम्ही पाचजणी होतो. नर्स पुढे दिल्ली सोडून गेली, तिचं काय झालं माहीत नाही. सासूबाई म्हातारपणाने गेल्या. कमल त्याच दिवशी गेली. प्रभा जगली. मी जगले.